धुरी दिलेले पापुद्रे

खुर्च्या कशा मांडायच्या यातच थोरल्याची सकाळ गेली. नाना खिडकीपाशी बसणार हे ठरलेलंच, कारण तिथून सुकवणीची शेड दिसते आणि शेड दिसली नाही की त्यांचं कशातच लक्ष लागत नाही. आत्याला त्यांच्या समोर बसवलं, तर दोघं भावंडं बोलता बोलता लहानपणात शिरणार आणि संध्याकाळपर्यंत बाहेर येणार नाहीत. शेजारी बसवलं तर कुजबुजणार. शेवटी त्याने आत्याची खुर्ची स्वतःच्या बाजूला ओढून घेतली. आत्याने फोनवर त्याला शब्द दिला होता. "बंद करूया रे बाबा," ती म्हणाली होती, "मलाही आता त्या शेडची काळजी वाहवत नाही." हा शब्द तिच्या शेजारी बसूनच सांभाळावा लागणार, हे तो अनुभवाने जाणून होता.

कारखाना ठेवायचा की बंद करायचा, हे आज ठरायचं होतं. समुद्रातलं तपकिरी शेवाळ आणायचं, धुऊन सोड्यात उकळायचं, गाळून त्यातला डिंक काढायचा आणि त्याचे पातळ पापुद्रे सुकवायचे, हे काम या घरात आजोबांपासून चाललेलं. आधी कापडावर छपाई करणारे तो डिंक नेत. मग आइस्क्रीमवाले नेऊ लागले. आता मोठ्या कंपन्यांची तयार पूड आल्यापासून फारसं कुणी फिरकत नव्हतं. जागेला मात्र मागणी होती, कुणाला तिथे गोदाम बांधायचं होतं. भागीदार चौघं. थोरला आणि आत्या एका बाजूला, नाना आणि त्याची धाकटी बहीण दुसऱ्या. बैठक बरोबरीत सुटणार हे थोरल्याला दिसत होतं. तरी त्याने ती बोलावली, कारण न बोलावता राहणं त्याहून दमवणारं होतं.

"अहो, खुर्च्या मांडताय की सोयरीक ठरवताय?" थोरल्याची बायको, धाकटीची वहिनी, दारातून म्हणाली. ती इस्पितळातली पाळी संपवून नुकतीच आली होती आणि पायातले बूट काढायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. जखमांच्या वॉर्डात ती कितीतरी वर्षं पट्ट्या बदलत होती. "धाकटी आली का?"

"येतेय. बस चुकली असं म्हणाली."

"तिची बस कधी चुकत नाही," वहिनी म्हणाली. "काहीतरी बिनसलंय."

धाकटीची बस चुकली नव्हतीच. ती वळणावरच्या थांब्यावर उतरली होती आणि तिथल्या बाकावर बराच वेळ नुसती बसून राहिली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत इस्पितळाने दिलेली परवानगी. येत्या आठवड्यापासून, ज्यांच्या जखमा महिनोन्महिने भरत नाहीत अशा काही रुग्णांवर तिने प्रयोगशाळेत घरच्याच डिंकापासून तयार केलेलं जेल पहिल्यांदा वापरून बघायचं होतं. हे ऐकलं की आत्या आपल्याकडे वळेल, अशी तिची खात्री होती. पण आदल्या दिवशी दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून फोन आला होता. धाकटीने आपल्या लेखात लिहिलं होतं तसंच जेल त्यांनी स्वतः करून बघितलं होतं, आणि ते जवळजवळ काहीच करत नव्हतं.

'त्यांनी नीट केलं नसेल,' ती बाकावर बसून मनाशी म्हणत होती. हे वाक्य तिने इतक्या वेळा घोकलं की त्यातला अर्थ निघून गेला, आणि मग ती उठली.

*

"म्हणजे हे नेमकं करतं काय, ते मला एकदा नीट सांग," आत्या म्हणाली. "तुझा बाप फोनवर सांगतो तेव्हा मला वाटतं, आता मेलेली माणसंसुद्धा उठणार."

"तसलं काही नाही गं आत्या." धाकटी हसली. घरात आल्यावर तिला जरा बरं वाटत होतं. "जुनी जखम असते ना, तिच्या आत सारखी एक धग चालू असते. शरीरच जंतूंशी लढायला तिखट द्रव्यं सोडतं, आणि मग ती थांबतच नाहीत. नवी कातडी यायला लागली की तीच ती जाळतात. काही वनस्पतींच्या अर्कात ही धग शोषून घ्यायची ताकद असते. त्यालाच अँटिऑक्सिडंट म्हणतात. मी डाळिंबाच्या सालींचा घेतला. पण अर्क नुसता जखमेवर ओतला तर वाहून जाईल. म्हणून तो आपल्या डिंकात मुरवायचा. पापुद्रा पाण्यात टाकला की फुगतो, मऊ लुसलुशीत होतो, तेच हायड्रोजेल. जखमेवर ठेवलं की गार ओल धरून राहतं, आणि अर्क हळूहळू सोडतं."

"आपला डिंक," नाना खिडकीजवळून म्हणाले. "आयुष्यभर दुसऱ्यांचं आइस्क्रीम वितळू नये म्हणून राबला. आता म्हातारपणी औषधात चाललाय."

"तुमच्यासारखाच की," वहिनी म्हणाली. "निवृत्त व्हायचं नाव नाही."

सगळे हसले. थोरलाही हसला आणि मग त्याला वाटलं, हसणं हाही त्यांच्याच बाजूचा एक मुद्दा झाला. त्याने घसा साफ केला. "परवानगी आली, चांगलं झालं. पण इस्पितळाला लागणार किती, चार परातींएवढा माल. त्यासाठी अख्खा बॉयलर तापवायचा? तो मी तापवतो, नाना. तुम्ही नाही तापवत. दर पावसाळ्यात मी शेडचं छप्पर बांधतो. मला आता पन्नाशीत पाठीला पट्टा लावून शिडीवर चढावं लागतं."

"कुणी सांगितलं चढ म्हणून?"

"छप्पर सांगतं."

"भांडू नका रे," आत्या सवयीने म्हणाली.

धाकटीने तेव्हा ते सांगून टाकलं. सांगायचं नव्हतं, पण थोरल्याच्या पाठीचा पट्टा सदऱ्यातून दिसत होता, आणि त्याच्यासमोर नुसती परवानगी फडकावून बसणं तिला जमेना. "एक अडचण आहे," ती म्हणाली. "दुसऱ्या एका प्रयोगशाळेने करून बघितलं. त्यांचं जेल चाललं नाही. एक जांभळं रसायन असतं, जेल चांगलं असेल तर त्याचा रंग उडतो. आपल्या जेलने तो झटक्यात उडतो. त्यांच्याने थोडासा उतरला, बस."

थोरल्याने हातांची घडी घातली आणि आत्याकडे पाहिलं.

"त्यांनी डिंक कुठला घेतला?" नानांनी विचारलं.

"बाजारातला. शुद्ध असतो तो, नाना."

"मग बरोबर आहे. माल कसा आला त्यांचा, काळा?"

"काळा नाही, तपकिरी. सालींचा अर्कच तपकिरी असतो."

"आणि तुझे पापुद्रे?"

"तुमचे फिकट होते."

"का होते फिकट?" नाना पुढे सरकून बसले. त्यांच्या डोळ्यांत खूप दिवसांनी ती चमक आली होती, जी पोरं लहान असताना त्यांना कोडी घालताना यायची. "सांग की. एवढी शिकलीस."

धाकटी बघत राहिली. फिकट गव्हाळ रंग, असं तिने स्वतः लिहिलं होतं. नानांच्या हाताखाली पापुद्रा पातळ सुकतो म्हणून तसा, असं तिने गृहीत धरलं होतं. तिला त्याचं कौतुकही वाटलं होतं.

"धुरी दिली," नाना म्हणाले. "तू पाठवलेला अर्क घालून पापुद्रे काढले, तर रंग असा, की गटारात भिजलेला कागद. हा माल औषधाला जाणार, डॉक्टर हातात घेऊन बघणार, आणि त्यावर आपल्या घराचं नाव? मागच्या खोलीत टांगले, दार लावलं, खाली गंधक पेटवला. जुन्या पद्धतीने. एकदा दिली, रंग हटेना, म्हणून पुन्हा दिली. दरवेळी देतो. आता कळलं त्यांचं का चाललं नाही? मेहनतच घेतलेली नाही त्यांनी."

"मी सांगितलं होतं," धाकटी अगदी हळू म्हणाली, "अर्काशिवाय यात काहीही घालायचं नाही."

"घातलं कुठे काय? उकळताना एक कण घातला नाही, तुझ्या गळ्याशपथ. सगळं झाल्यावर धुरी दिली. कपडे धुतल्यावर आपण इस्त्री करतोच ना?"

"आणि दुसरे पापुद्रे? बिनअर्काचे, तुलनेसाठी मागवले होते ते?"

"ते मुळात पांढरे. त्यांना कशाला धुरी? गंधक काय झाडाला लागतो?"

धाकटी उठली. "आलेच," म्हणाली, आणि मागच्या दाराने अंगणात गेली.

"काय झालं हिला?" नाना म्हणाले. "चांगलं सांगितलं तरी रुसते."

*

शेवाळ धुवायच्या हौदांपाशी ती उभी होती. हौद कोरडे होते, कडेला वाळलेल्या शेवाळाच्या पट्ट्या चिकटलेल्या. थोरला तिच्या मागोमाग आला. त्याला त्यातलं रसायन कळलं नव्हतं, पण बहिणीचा चेहरा कळला होता. लहानपणी पाटी फुटली की ती अशीच गप्प होई, रडायची नाही.

"बोल," तो म्हणाला.

"गंधकाचा धूर पापुद्र्यात मुरून राहतो, दादा. आणि तोसुद्धा जांभळा रंग उडवतो. पेशींभोवतीची ती तिखट द्रव्यंही खातो. मी जे जे मोजलं, ते सगळं धूर करू शकतो."

"मग अर्क?"

"अर्क काही करतो की नाही, हेच आता मला माहीत नाही. धुरी दिलेल्या पापुद्र्यांत अर्क होता, आणि बिनअर्काच्यांना धुरी नव्हती. मी दोघांमधला फरक बघत बसले आणि तो फरक नानांनी मागच्या खोलीत केला."

थोरला हौदाच्या कठड्यावर बसला. बसताना पाठ धरली. "मग गंधकाचंच औषध कर की."

"पापुद्रा ओला झाला की तो चार दिवसांत उडून जातो. आणि उघड्या जखमेवर झोंबतो. दम्याचा माणूस असला तर त्याचा श्वास लागेल." तिने डोळे मिटले. "लेख छापून आलाय. तो मागे घ्यावा लागेल. संस्थेला सांगावं लागेल. विद्यार्थिनी आहेत माझ्या हाताखाली, त्यांची पदवी यावर आहे."

थोरल्याला कळत होतं की आपण जिंकलो. आता बॉयलर थंड होणार, शिडी मोडीत निघणार. गेली कित्येक वर्षं तो या क्षणाची वाट बघत होता, आणि तो आला तर असा, बहीण कोरड्या हौदाकडे बघत उभी असताना. त्याला जिंकल्यासारखं मुळीच वाटेना. नुसती झोप यायला लागली.

वहिनी बाहेर आली तेव्हा दोघं तसेच होते. तिला फार सांगावं लागलं नाही. गंधक आणि उघडी जखम, एवढं तिने ऐकलं आणि ती म्हणाली, "फोन कर. उद्या नाही, आज."

"करते."

"माझ्या वॉर्डात एक बसचालक आहे. टाचेला जखम आहे, गाडी चालवता येत नाही. पट्टी बदलताना दरवेळी विचारतो, सिस्टर, तुमच्या घरचं ते औषध कधी येणार. पहिल्या यादीत त्याचं नाव मीच घातलंय. त्याला दमाही आहे." वहिनीचा आवाज चढला नाही. चढवायला लागते ती ताकद तिच्याकडे नव्हती. "मी या जेलच्या विरोधात होते, तुला माहितेय. घरात भांडणं नकोत म्हणून. पण तो रोज विचारायला लागला आणि मीच वाट बघायला लागले."

"वहिनी, मी—"

"माझं राहू दे. नानांना मात्र यातलं काही सांगायचं नाही, त्यांना सोसणार नाही."

"बरोबर," थोरला म्हणाला. "इस्पितळाने पुढे ढकललं म्हणू. त्यांचे काही नियम निघाले म्हणू. नियमांवर त्यांचा पटकन विश्वास बसतो."

धाकटीने भावाकडे पाहिलं. तो तिच्यासाठी खोटं बोलायला तयार झाला होता, हे किती वर्षांनी घडत होतं. तिला ते मोडवेना. "चालेल," ती म्हणाली. "पुढे ढकललं म्हणू."

*

आत्या मागच्या दारात येऊन उभी होती आणि तिने बरंचसं ऐकलं होतं. ती वयाने नानांहून मोठी. गुडघे गेले होते, पण कान शाबूत होते.

गंधकाचा वास तिला दारातून आत पाऊल टाकतानाच आला होता. तो नानांच्या सदऱ्याला होता. तिला तो वास इतका घरचा होता की त्यात काही वावगं आहे, हे तिच्या मनातच आलं नाही. लहानपणी धुरीच्या खोलीबाहेर दोघं खेळत. तिच्या वेण्यांना तो वास कायमचा बसला होता. शाळेत पोरी तिला काडेपेटी म्हणत. तेव्हा पापुद्रे वाऱ्यावर वाजत, अख्ख्या शेडमधून एक कोरडी सळसळ फिरत जाई, आणि वडील रांगेतून हात मागे बांधून चालत. एकदा छपाईवाल्यांनी गाडीभर माल परत पाठवला होता. रंग मळका म्हणून. वडील कुणावर ओरडले नाहीत. त्यांनी दोन्ही पोरांना समोर बसवलं आणि तो सगळा माल त्यांच्याच हातांनी मोडून पुन्हा कढईत टाकायला लावला. ती मोडता मोडता गाणं म्हणत होती. भाऊ मात्र प्रत्येक पापुद्रा मोडण्याआधी उजेडाकडे धरून बघत होता. त्या दिवसापासून त्याने मळका माल दाराबाहेर जाऊ दिला नाही.

"तिघं मिळून काय शिजवताय?" ती म्हणाली.

थोरला उठून उभा राहिला. "आत्या, तू आत बस ना."

"आतच होते. त्याला फसवायचं असेल तर मला विचारायचं होतंत. या घरात त्याला फसवण्याचा अनुभव मला जास्त. मळके पापुद्रे मी गठ्ठ्याच्या मध्ये घालून खपवायची. त्याला अजून माहीत नाही." ती पायरीवर बसली, बसायला तिला वेळ लागला. "पण हे नाही जमायचं. हिला पुन्हा करून बघावं लागेल ना? अर्क खरंच काही करतो की नाही ते?"

"लागेल," धाकटी म्हणाली. "आपल्याच डिंकाचे, आपल्याच शेडमध्ये सुकवलेले पापुद्रे लागतील. फक्त बिनधुरीचे. नाहीतर काहीच सिद्ध होणार नाही."

"आणि ते कोण काढणार?"

धाकटीने हौदाच्या कडेची एक वाळकी पट्टी सोलून काढली.

"तोच काढणार," आत्या म्हणाली. "आणि तुम्ही त्याला काही सांगितलं नाहीत, तर तो पुन्हा धुरी देणार. यावेळी तीनदा देईल, म्हणजे इस्पितळाचे नियम मालाला हात लावायचे नाहीत."

वहिनी हौदाला टेकली. "तब्येत बघा त्यांची."

"बघतेय. बघत आलेय जन्मभर. तो डिंकवाला आहे गं. माल परत आला, हे डिंकवाल्याला सांगायचं नाही?"

आतून नानांचा आवाज आला. "मला एकट्याला बसवून बैठक बाहेर चाललीय का? मग खुर्च्या बाहेर न्या."

*

धाकटीने सांगितलं. ती त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसली आणि कुठलंही आडवळण न घेता सांगितलं, जसं ती विद्यार्थिनींना सांगते: धूर पापुद्र्यात राहतो, धूर रंग उडवतो, मला जे मिळालं ते कदाचित सगळं धुराचं होतं. नाना तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना सगळं कळत नव्हतं, पण माल परत आला आहे एवढं कळत होतं. ते कुणालाही आधीच कळतं. सांगणाऱ्याने हात कसे धरलेत त्यावरून.

आपण काय केलं हे त्यांनी आठवून बघितलं. मागची खोली, दोरीला लावलेले चिमटे, निळी लहान ज्योत. दुसऱ्या वेळी दार उघडलं तेव्हा पापुद्रे गव्हाळ झाले होते, उजेड आरपार जात होता, आणि त्यांना वाटलं होतं की असा माल वडिलांनीसुद्धा कौतुकाने उलटून बघितला असता. दम लागला होता, म्हणून ते तिथेच उंबऱ्यावर बसले होते. फार दिवसांनी त्यांना आपला उपयोग आहे असं वाटलं होतं.

"म्हणजे," ते म्हणाले, "मी हात लावला नसता तर बरं झालं असतं."

"नाना, मी विचारायला हवं होतं. फिकट का आले, हे मी विचारलं नाही. मला ते आवडले, म्हणून विचारलं नाही."

"आवडले ना?"

"हो."

"हं," नाना म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले.

धाकटीने तिथेच बसून डॉक्टरांना फोन लावला. वहिनी तिच्या मागे उभी राहिली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. "सर, पुढच्या आठवड्यातलं थांबवायला हवं," धाकटी म्हणाली. "नाही, पुढे ढकलू नका, थांबवाच. पापुद्रे तयार करताना आमच्याकडून एक—"

"आमच्याकडून काय?" नाना खिडकीकडे बघतच म्हणाले. "माझ्याकडून म्हण."

धाकटी थांबली. फोनमधून डॉक्टर काहीतरी विचारत होते.

"माझ्या वडिलांनी पापुद्र्यांना गंधकाची धुरी दिली होती," ती म्हणाली. "आमच्याकडे तशी पद्धत आहे. मला माहीत नव्हतं, आणि मी तपासलं नाही. हो. रुग्णांना मी येऊन सांगेन."

"चालकाला मी सांगते," वहिनी हळूच म्हणाली. "माझ्यावर चिडायची त्याला सवय आहे."

धाकटीने फोन ठेवला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. आत्याने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"ज्यासाठी बसलोय ते काम उरकून घेऊ," नाना म्हणाले. "बंद करायचं की नाही? माझं मत बंद."

थोरल्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "नाना, आत्ता रागात नको."

"रागात नाही रे. दमलोय."

"मग माझं मत चालू ठेवायचं," आत्या म्हणाली.

थोरल्याने तिच्याकडे वळून पाहिलं. एवढी ओढून आपल्या शेजारी आणलेली खुर्ची. "तू मला शब्द दिला होतास."

"दिला होता. तेव्हा त्याच्याकडे काही काम नव्हतं. आता आहे. हिला ते पापुद्रे काढून दे," ती भावाला म्हणाली, "बिनधुरीचे. एवढं झालं की बंद करू. माल परत आला तर आपण तसंच टाकून कधी उठलो का?"

"तुम्ही काढाल, नाना?" धाकटीने विचारलं. "तपकिरी आले तरी तसेच ठेवायचे. गटारातल्या कागदासारखे दिसले तरी."

नानांनी आपले हात मांडीवर उलटे करून ठेवले. सोड्याने खाल्लेली बोटं, नखांच्या कडा केव्हाच्या पांढऱ्या पडलेल्या. ते बोलले तेव्हा त्यात तक्रार नव्हती.

"मी हो म्हणेन," ते म्हणाले. "तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणेन. पापुद्रे काढेन, सुकवेन, आणि तुझी पाठ वळली की धुरी देईन. नाही देणार असं ठरवूनसुद्धा देईन. मला मी माहितेय. मळका माल समोर टांगलेला असला तर मला जेवण जाणार नाही."

"मग कोण काढणार?" धाकटी म्हणाली. "माझ्या विद्यार्थिनींना उकळण्याचा अंदाज नाही. त्या शिकेपर्यंत ही जागा राहायची नाही."

"हा आहे की." नानांनी हनुवटीने थोरल्याकडे दाखवलं.

थोरल्याने पाठीचा पट्टा सैल केला.

"याला रंगाचं कधी काही वाटलं नाही," नाना म्हणाले. "लहान होता तेव्हापासून. मी म्हणायचो, बघ, हा पापुद्रा बघ, आणि हा म्हणायचा, डिंक तो डिंक. किती बोललो याला त्यावरून. जेवताना बोललो, पाहुण्यांसमोर बोललो. याच्या लग्नातसुद्धा बोललो."

"बोललात," वहिनी म्हणाली. "मी ऐकलं होतं."

"उकळतो मात्र बरोबर. वजनाला, दाटपणाला माझ्यापेक्षा चोख. ते मी कधी बोललो नाही." त्यांनी मुलाकडे पाहिलं. "तू काढ. तपकिरी, काळे, जसे येतील तसे. तुझ्याच्याने होईल."

थोरल्याच्या डोक्यात पहिल्यांदा बॉयलरच आला. तो तापायला लागणारा वेळ, गळणारा पाइप, पाठ. मग त्याच्या लक्षात आलं की जे ऐकून ऐकून तो या शेडचा दुस्वास करायला लागला होता, तेच आत्ता त्याला काम म्हणून दिलं जात होतं. यावर रागवावं की काय करावं, हे त्याला ठरवता येईना. बहीण त्याच्याकडे बघत होती. विनंती करत नव्हती, नुसती बघत होती, आणि तिच्या डोळ्यांखाली तीच काळी वर्तुळं होती जी सकाळी दाढी करताना त्याला आरशात दिसली होती.

"आणि अर्काने काहीच केलं नाही तर?" त्याने तिला विचारलं.

"तर तसं छापेन."

"एवढ्यासाठी बॉयलर तापवायचा?"

"एवढ्यासाठीच."

त्याने दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "एकच घाणा," तो म्हणाला. "शेवाळ तू आणायचंस. आणि मागच्या खोलीतला गंधक आज घराबाहेर जाईल, माझ्या डोळ्यांसमोर."

"नेते मी जाताना," धाकटी म्हणाली.

"मी शेडमध्ये असताना कुणी आत यायचं नाही. सल्ला द्यायला नाही, बघायला नाही."

"नाही येणार," नाना म्हणाले. त्यांनी खिडकीचा पडदा ओढला. तो इतकी वर्षं कुणी ओढला नव्हता, कड्या दांडीवर अडकल्या, आत्याला उठून मदत करावी लागली. शेड दिसेनाशी झाली आणि खोलीत नुसता पिवळसर उजेड राहिला. नाना पुन्हा खुर्चीत बसले.

"आणि झाल्यावर," ते मुलाला म्हणाले, "मला दाखवू नकोस."